घर्षण शिकवताना एकच प्रश्न हाताशी ठेवा

‘घर्षण म्हणजे गतीला विरोध करणारं बल.’ बहुतेक मुलांच्या वहीत हे वाक्य सापडतं. त्याच मुलांना विचारा, आपण चालतो तेव्हा आपल्याला पुढे कोण ढकलतं? उत्तर येतं, ‘आपले पाय.’ जमिनीचं घर्षण आपल्याला पुढे ढकलतं असं सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसत नाही. विरोध करणारं बल पुढे कसं ढकलेल?

त्यांची शंका रास्त आहे. गोची त्या व्याख्येत आहे. घर्षणाचा विरोध गतीला नसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला असतो. चालताना तळवा जमिनीवरून मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण त्याला पुढे ढकलतं. तेव्हा या लेखातल्या प्रत्येक प्रयोगात आणि नंतर रस्त्यावर, घरात, मैदानात कुठेही मुलांना एकच विचारायचं: काय कशावरून घसरू पाहतंय, आणि कुठल्या दिशेला? हे उत्तर मिळालं की घर्षणाची दिशा आपोआप कळते. ती बरोबर त्याच्या उलट असते.

साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी सुरुवातीचे दोन प्रयोग आणि शेवटी येणारी सायकलची तपासणी पुरेशी आहे. मोजमाप आठ-नऊ वर्षांपासून जमतं. गुणोत्तर, घर्षणांक (घर्षण हे पृष्ठभागांवरच्या दाबाच्या किती पट आहे तो आकडा) वगैरे गोष्टी अकरा-बारानंतर. हे सगळं एका दिवसात उरकू नका. एका बैठकीत एक प्रयोग, फार तर दोन.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. हात लावण्याआधी अंदाज, आणि तो लिहून. तोंडी अंदाज मुलं सोयीनुसार बदलतात. मोठी माणसंही बदलतात. कागदावर लिहिलेला अंदाज चुकला की ‘असं का झालं?’ हा प्रश्न मुलाच्याच तोंडून येतो, आणि तो आल्याशिवाय तुम्ही समजावून सांगण्यात फारसा अर्थ नाही.

पहिली पायरी: हातांनी ओळख

दोन्ही तळहात कोरडे असताना एकमेकांवर हलके घासायला सांगा. मग जोरात दाबून. मग साबणाचं पाणी लावून. प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारा: घासायला किती जोर लागला, आवाज आला का, हात गरम झाले का?

दाबून घासलं की जास्त जोर लागतो आणि हात लवकर तापतात, हे लहान मुलंही लगेच सांगतात. घर्षणाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम इथेच त्यांच्या हाताला लागलेला असतो: पृष्ठभाग एकमेकांवर जितके जास्त दाबले जातील, तितकं घर्षण जास्त. मात्र आत्ता नियम सांगू नका. ‘हे लक्षात ठेव, पुढे लागेल’ एवढंच म्हणा.

उष्णतेबद्दल दोन वाक्यं पुरेत. हात हलवायला लावलेली ऊर्जा नाहीशी झाली नाही, तिची उष्णता झाली. 1798 मध्ये काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानं तोफेच्या नळीला भोक पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून हाच मुद्दा मांडला होता. यंत्र फिरत होतं तोवर उष्णता निघतच राहिली, म्हणजे ती धातूत साठवलेला कुठला पदार्थ असणं शक्य नव्हतं. मोठ्या मुलांना ही गोष्ट आवडते. काडेपेटीचं उदाहरण तोंडीच द्या, करून दाखवण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: दोन बोटं आणि एक पट्टी

लांब पट्टी घ्या. मीटरपट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर सरळ काठीही चालेल. दोन्ही हातांच्या तर्जन्या आडव्या धरून त्यांवर पट्टी ठेवा, एक बोट एका टोकाजवळ आणि दुसरं दुसऱ्या टोकापासून बरंच आत. आता डोळे मिटून बोटं हळूहळू एकमेकांकडे आणायची. बोटं कुठे भेटतील?

जवळजवळ सगळी मुलं म्हणतात की पट्टी पडेल. ती पडत नाही. सुरुवात कुठूनही करा, बोटं पट्टीच्या मध्याशीच भेटतात. आणखी बारकाईनं पाहिलं तर दिसतं की दोन्ही बोटं एकदम सरकत नाहीत. आधी एक सरकतं, मग ते अडतं आणि दुसरं सरकतं, मग पुन्हा पहिलं.

इथे थोडं रेंगाळा, कारण या एका पट्टीत निम्मा धडा आहे. मध्यापासून लांब असलेल्या बोटावर पट्टीचा भार कमी असतो. भार कमी म्हणून घर्षण कमी, म्हणून तेच आधी घसरतं. घसरत मध्याजवळ येतं तसा त्याच्यावरचा भार वाढतो, घर्षणही वाढतं, आणि एका क्षणी दुसऱ्या बोटाला सरकणं सोपं जातं. हातांच्या खेळात ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेली गोष्ट आता काढा: जास्त दाब, जास्त घर्षण.

चाणाक्ष मूल इथे एक अडचण काढतं. दोन्ही बोटांवरचा भार सारखा झाल्याबरोबर दुसरं बोट सरकायला हवं, पण पहिलं त्याच्याही थोडं पुढे जाऊन मग थांबतं. ते का? कारण थांबलेली वस्तू घसरवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा घसरत असलेली वस्तू घसरत ठेवायला सहसा कमी लागतो. पहिल्याला स्थितिक घर्षण म्हणतात, दुसऱ्याला गतिक घर्षण. ही नावं आता सांगितली तर चिकटतात, कारण त्यांचा अनुभव बोटांनी आधीच घेतलेला असतो.

शेवटी पट्टीच्या एका टोकाला खोडरबर चिकटवा आणि बोटं आता कुठे भेटतील ते लिहायला सांगा. ती मध्यावर भेटत नाहीत, खोडरबराच्या बाजूला सरकून नव्या तोलबिंदूपाशी भेटतात.

तिसरी पायरी: पाण्याने मोजायचं घर्षण

मोजल्याशिवाय बल हा शब्द हवेतच राहतो. स्प्रिंगचा काटा असेल तर तो वापरा, पण त्याहून मला पाण्याची पद्धत आवडते. तिच्यात प्रत्येक भाग उघड्यावर असतो आणि चूक कुठे झाली ते मुलांना दिसतं.

लागणारं सामान: पुठ्ठ्याचा लहान मजबूत खोका, जाड दोरा, प्लास्टिकचा हलका पेला, पाणी, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र किंवा सुई नसलेली मोठी सिरिंज, चिकटपट्टी, एक गुळगुळीत गोल पेन आणि खोक्यात भरायला वह्या. शिवाय पेल्याखाली ठेवायला बादली, कारण पेला पडणारच.

खोक्यात वह्या भरा, म्हणजे त्याचं एकूण वजन साधारण अर्धा किलो होईल. खोक्याला अगदी तळाशी दोरा बांधा. वर बांधला तर खोका घसरण्याऐवजी पुढे कलंडतो. खोका टेबलावर ठेवून दोरा कडेवरून खाली सोडा आणि टोकाला पेला बांधा. टेबलाच्या धारदार कडेवर दोरा अडकू नये म्हणून तिथे पेन आडवं चिकटवा. आता पेल्यात सावकाश पाणी घालत जा. ओतू नका, थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबा. खोका जागचा हलला की पाणी मोजा.

एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम असतं, त्यामुळे हिशेब सोपा आहे. 150 मिलिलिटर पाणी लागलं, तर 150 ग्रॅम वजनाइतक्या ओढीला खोका घसरला (रिकाम्या पेल्याचं वजन धरायला विसरू नका). बल न्यूटनमध्ये मोजतात आणि शंभर ग्रॅमचं वजन म्हणजे जवळपास एक न्यूटन, हे मोठ्या मुलांना सांगा. एक न्यूटन म्हणजे केवढं, ते त्यांच्या हाताला पहिल्यांदाच कळलेलं असतं.

प्रत्येक मोजमाप तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. आकडे वेगवेगळे येतील. धूळ, घामेजलेली बोटं, टेबलाचा वेगळा कोपरा, सगळ्यांचा परिणाम होतो. ‘बरोबर आकडा कुठला?’ असं मुलं विचारतील. तीनही बरोबर आहेत, घर्षण असंच लहरी असतं, असं खुशाल सांगा.

इतकं जमलं की तीन प्रश्न एकेक करून तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं.

पहिला प्रश्न: वजन दुप्पट केलं तर? पाणी सुमारे दुप्पट लागतं. अंदाज बहुतेकांचा बरोबर येतो, आणि मुलं खूश होतात.

दुसरा प्रश्न: खोका आडवा ठेवण्याऐवजी अरुंद बाजूवर उभा ठेवला तर? वजन तेच, पुठ्ठा तोच, फक्त टेकणारं क्षेत्रफळ कमी. इथे जवळजवळ सगळ्यांचा अंदाज फसतो. ‘कमी जागा टेकते, म्हणजे घर्षण कमी’ असं मुलं लिहितात, आणि पाणी मात्र जवळपास तेवढंच लागतं.

हे मुलांना पटत नाही, तर त्यांना सांगा की फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतल्या विद्वानांनाही ते चटकन पटलं नव्हतं. गियोम आमाँताँ यांनी 1699 मध्ये तिथे हे नियम मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात असतं, आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वह्यांमध्ये हेच नोंदवून ठेवलं होतं, पण त्या वह्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या नाहीत. त्याच्या रेखाटनांत ठोकळा, त्याला बांधलेली दोरी आणि टोकाला टांगलेलं वजन दिसतं. तुमच्या मुलांनी टेबलावर जी मांडणी केली आहे, जवळजवळ तीच. तोच ठोकळा वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून ओढलेलाही त्यानं काढला आहे.

कारण काय? टेबल आणि खोक्याचा तळ आपल्याला सपाट दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर उंचवटे असतात आणि खरा स्पर्श मोजक्या उंचवट्यांच्या शेंड्यांवरच होतो. खोका अरुंद बाजूवर उभा केला की कमी शेंडे टेकतात असं वाटतं. पण तेवढंच वजन आता कमी जागेवर आल्यानं तिथले शेंडे जास्त दाबले जातात, नवेही टेकतात, आणि खऱ्या स्पर्शाचं एकूण क्षेत्रफळ पहिल्याइतकंच होतं. वजन वाढलं की मात्र ते खरोखर वाढतं. केंब्रिजमध्ये बाउडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हे चित्र पक्कं केलं. दहा वर्षांखालच्या मुलांना यातलं ‘शेंडे टेकतात’ एवढंच पुरे.

तिसरा प्रश्न: खोका हलल्यावर काय होतं? एकदा निसटला की तो सावकाश जात नाही, सुसाट जातो आणि पेला बादलीत आपटतो. पट्टीवर बोटांना जे जाणवलं तेच इथे आहे: घसरायला लागल्यावर घर्षण कमी झालं, ओढ मात्र तेवढीच राहिली. हे आकड्यात पकडायचं असेल तर पाणी थोडं कमी करा आणि खोक्याला बोटानं हलका धक्का द्या. धक्क्यानंतर तो एकसारख्या वेगानं सरकत राहिला, तर ते पाणी म्हणजे गतिक घर्षणाचं माप. जमायला वेळ लागतो, पण जमलं की मुलं दहा जणांना दाखवतात.

आणि हो, कुणीतरी विचारेलच: ‘दोरासुद्धा पेनावर घासतोय, त्याचं घर्षण?’ विचारलं तर शाबासकी द्या, कारण आपण मोजतोय त्यात तेही मिसळलंय. पेन काढून दोरा थेट कडेवरून सोडला तर किती जास्त पाणी लागतं ते बघायला सांगा. हाच धागा पुढे नेऊन दोऱ्याचा एक पूर्ण वेढा पेनाला घाला, मग दोन वेढे. प्रत्येक वेढ्यानं पकड दुपटीनं-तिपटीनं नाही, त्याहून कितीतरी वेगानं वाढते. घर्षणांक 0.3 धरला तर एका वेढ्यानं ओढ साडेसहा पटींच्या आसपास तोलली जाते, दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून जास्त. बंदराच्या धक्क्यावर खुंटाला दोराचे काही वेढे घालून एकटा माणूस मोठी बोट रोखू शकतो तो याच जोरावर.

चौथी पायरी: उतार

एक गुळगुळीत फळी किंवा मोठं पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या. त्यावर एका ओळीत नाणं, खोडरबर, लाकडी ठोकळा, प्लास्टिकचं झाकण ठेवा आणि एक टोक सावकाश उचला. कोण आधी घसरेल याचा क्रम आधी लिहायचा.

मोठ्या मुलांसाठी यात एक छान सोय आहे. वस्तू घसरायला लागली त्या क्षणी फळी तिथेच धरा आणि दोन मापं घ्या: उचललेल्या टोकाची उंची, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर. उंचीला अंतरानं भागा. उंची 16 सेंटिमीटर आणि अंतर 40 सेंटिमीटर असेल, तर उत्तर 0.4. हाच त्या जोडीचा स्थितिक घर्षणांक. वजन करायला नको, न्यूटन नको, फक्त पट्टी लागते.

‘त्या जोडीचा’ या शब्दांवर जोर द्या. नुसत्या रबराचा घर्षणांक असं काही नसतं. रबर आणि लाकूड, रबर आणि काच, असा तो दोघांचा मिळून असतो. कोरड्या काँक्रीटवर रबराचा घर्षणांक एकच्या आसपास जाऊ शकतो, तर टेफ्लॉनवर टेफ्लॉनचा 0.04 इतका खाली येतो.

आता दोन नाणी एकावर एक चिकटवून वजन दुप्पट करा. जड नाणं आधी घसरेल, असं बहुतेक मुलं ठामपणे सांगतात. ते एकट्या नाण्याबरोबरच घसरतं. वजन दुप्पट झालं तशी खाली ओढणारी ओढ दुप्पट झाली, पण फळीवरचा दाब आणि त्यामुळे घर्षणही दुप्पट झालं. पाण्याच्या प्रयोगातला पहिला प्रश्न ज्यांनी मनापासून केला, त्यांच्या हे लवकर लक्षात येतं.

‘खरखरीत म्हणजे जास्त घर्षण’ हा समज मोडायलाही हाच उतार कामाला येतो. नवं, स्वच्छ खोडरबर काचेवर ठेवा आणि मग पॉलिश पेपरवर. काही खोडरबरं काचेवर इतकी घट्ट बसतात की फळी बरीच उभी करावी लागते. दोन उंचवटे एकमेकांत ब्रशच्या केसांसारखे अडकतात, हे चित्र खडबडीत पृष्ठभागांना लागू पडतं. पण मऊ रबर काचेला जास्त जागी खरोखर चिकटतं, आणि ती चिकटसुद्धा घर्षणच. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या रस्त्यासाठीचे टायर साफ गुळगुळीत असतात ते याचमुळे. साध्या टायरवरच्या खाचा पकड वाढवण्यासाठी आहेत असं आपण समजतो, पण त्यांचं मुख्य काम ओल्या रस्त्यावरचं पाणी बाहेर काढून रबराला रस्त्यापर्यंत पोचू देणं हे आहे.

पाण्याबद्दलही असाच एकतर्फी समज आहे. पाणी म्हणजे घसरडं, हे अर्धसत्य. पान उलटायला आपण बोट किंचित ओलं करतो. ताटलीत कोरडी वाळू आणि दुसऱ्या ताटलीत किंचित ओलसर वाळू घेऊन त्यावरून छोटा खोका ओढून बघा. कोरड्या वाळूत त्याच्यापुढे ढीग साचतो आणि ओढणं अवघड होतं. ओलसर वाळू घट्ट राहते. इजिप्तमधल्या जेहुतिहोतेप याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. त्यात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि समोर उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततोय. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये मोजून दाखवलं, की वाळूत योग्य प्रमाणात पाणी असेल तर ओढायला लागणारं बल जवळपास निम्म्यावर येतं. पाणी फार झालं की फायदा पुन्हा जातो.

पाचवी पायरी: चाक आणि चालणं

खोक्याखाली चार-पाच गोल पेन्सिली आडव्या ठेवा आणि पाण्याचा प्रयोग पुन्हा करा. किती पाणी लागेल याचा अंदाज मागा. पेल्याच्या तळाशी थोडंसं पाणी पडलं तरी खोका निघतो. (पेन्सिली षट्कोनी असतील तर हा प्रयोग होणार नाही, आधी तपासा.) फिरणाऱ्या वस्तूचा खालचा भाग जमिनीवरून घसरत नाही, टेकतो आणि उचलला जातो. काय कशावरून घसरतंय? काहीच नाही. म्हणून विरोध इतका कमी. आगगाडीचं पोलादी चाक रुळावर फिरताना हा विरोध भाराच्या हजारात एक-दोन भागांइतकाच असतो.

पण त्याच चाकाला आणि रुळाला पकडही हवी असते. रूळ ओले असले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून इंजिनावर वाळूचे डबे असतात आणि चाकांपुढे रुळांवर वाळू सोडली जाते. एका बाजूला घर्षण कमी करणारं चाक, दुसऱ्या बाजूला घर्षण वाढवणारी वाळू, दोन्ही एकाच गाडीत. ‘घर्षण मित्र की शत्रू’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेण्यापेक्षा हे एक उदाहरण नीट उलगडलेलं बरं.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे, चालण्याकडे. यासाठी माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला प्रयोग चावीच्या खेळण्यातल्या मोटारीचा आहे. टेबलावर गोल पेन्सिली एकमेकींना समांतर ठेवा, त्यांवर पुठ्ठ्याची लांब हलकी पट्टी ठेवा, आणि चावी दिलेली मोटार पट्टीवर सोडा. मोटार पुढे जाते, आणि पुठ्ठा मागे पळतो.

हे पाहिल्यावर फार बोलावं लागत नाही. मोटारीचं चाक पुठ्ठ्याला मागे ढकलतं, पुठ्ठा मोटारीला पुढे ढकलतो, आणि दोन्ही ढकलणी घर्षणातूनच होतात. आपण चालताना जमिनीलाही असंच मागे ढकलत असतो, फक्त ती हलण्याइतकी हलकी नाही. मग मुलांना चार पावलं चालायला लावा आणि मागच्या पायाचा चवडा उचलण्याच्या क्षणी तो कुठल्या दिशेला घसरू पाहतो ते जाणवून घ्यायला सांगा. ओल्या किंवा तेलकट फरशीवर चालून हा मुद्दा पटवण्याचा मोह आवरा. त्यातून मिळणारा धडा हाड मोडून मिळतो.

सहावी पायरी: सायकलची तपासणी

घर्षणाची उदाहरणं शोधून आणायला सांगितलं की मुलं तीच ती चार उदाहरणं उतरवून आणतात. त्यापेक्षा एक सायकल मध्ये उभी करा आणि एक काम द्या: हातात तेलाची बाटली आहे, तर तेल कुठे घालाल आणि कुठे चुकूनही घालणार नाही?

साखळी, पॅडलचा आस, चाकाच्या आसातलं छर्‍यांचं बेअरिंग, इथे धातूवर धातू फिरतो, म्हणून तिथे वंगण. बेअरिंगमध्ये छरे घालून घसरण्याचं लोळणं केलेलं आहे, ते पेन्सिलींच्या प्रयोगाशी जोडून द्या. ब्रेकचे रबर, त्यांच्यासमोरची रिम किंवा डिस्क, टायर, हँडलच्या मुठी, पॅडलचा खरखरीत पृष्ठभाग, खोगीर, इथे तेल नाहीच. मग अवघड जागा येतात. स्क्रू आणि नट? त्यांना घट्ट धरून ठेवणारं घर्षणच असतं, नाहीतर सगळे नट धक्क्यांनी सुटून पडले असते. गंजू नये म्हणून तेल लावायचं तर थोडं आणि नंतर आवळायचं. यावर वाद होऊ द्या.

ब्रेकबद्दल मोठ्या मुलांशी एक गोष्ट जरूर बोला. चाक पूर्ण अडकवून सायकल घसरत नेली की ती जास्त लांब जाते आणि ताब्यात राहत नाही. फिरतं चाक रस्त्यावर घसरत नाही, त्यामुळे त्याला स्थितिक घर्षण मिळतं. अडकलेलं चाक घसरतं आणि त्याच्या वाट्याला कमी असलेलं गतिक घर्षण येतं. मोटारींतली एबीएस यंत्रणा ब्रेक क्षणाक्षणाला सोडून-पकडून चाक अडकू देत नाही, ती यासाठीच.

वेळ उरला तर दोन झटपट गोष्टी. दोन वह्यांची पानं एकाआड एक गुंफा आणि कण्यांकडून ओढायला सांगा, सुटत नाहीत. ओढताना तिरपी झालेली पानं एकमेकांवर दाबली जातात, म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड वाढते. 2016 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं होतं. दुसरी गोष्ट कुरकुरणारं दार: बिजागरी अडकते, निसटते, पुन्हा अडकते, आणि हे इतक्या वेगानं होतं की आवाज येतो. व्हायोलिनचा गजही तारेला असाच पकडतो आणि सोडतो. तेल घातलं की दार गप्प होतं, आणि गजाला राळ लावली की तार बोलते.

हवा आणि पाणी यांचा विरोध मात्र वेगळा ठेवा. कागद सपाट टाका आणि चुरगळून टाका, फरक दिसेल, पण तो मुख्यत्वे हवा बाजूला सारण्याचा आहे. तिथे वेग वाढला की विरोध झपाट्यानं वाढतो. खोका टेबलावर हळू ओढा की जोरात, गतिक घर्षण फारसं बदलत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कूलोंबनं 1785 मध्ये हे नोंदवलं. अवकाशयान परतताना ‘घर्षणानं’ तापतं असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर बहुतेक उष्णता त्याच्यापुढची हवा एकदम दाबली गेल्यानं निर्माण होते.

मुलांना कितपत समजलं ते कसं ओळखायचं?

व्याख्या विचारू नका. चित्र काढून बाण दाखवायला सांगा. सोप्यापासून सुरुवात करा: टेबलावर पुस्तक नुसतं पडलं आहे, कुणी ढकलत नाही. घर्षण किती? शून्य. ही जागा फसवी आहे, कारण मुलांना वाटतं की स्पर्श आहे म्हणजे घर्षण आहेच. आता बोटानं दोन न्यूटन जोर लावला आणि पुस्तक हललं नाही. घर्षण किती? बरोबर दोन न्यूटन. चार लावले, तरी हललं नाही? चार. स्थितिक घर्षण गरजेपुरतं वाढतं, एका मर्यादेपर्यंत. हे ज्याला सांगता आलं त्याला पाण्याच्या पेल्यात थेंबाथेंबानं काय चाललं होतं ते कळलं.

पुढे: मालट्रकमध्ये खोका मोकळा ठेवलाय, ट्रक सुरू झाला आणि खोका त्याच्याबरोबर निघाला. खोक्यावर घर्षण कुठल्या दिशेला? ‘मागे’ असं उत्तर आलं तर रागावू नका, आपलाच प्रश्न परत विचारा. काय कशावरून घसरू पाहतंय? खोका ट्रकच्या तळावरून मागे. मग घर्षण पुढे. खोक्याला पुढे नेणारं दुसरं कुणी तिथे नाहीच.

आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी शेवटचा: पॅडल मारत सायकलचा वेग वाढवताना रस्त्याचं घर्षण मागच्या चाकावर कुठल्या दिशेला आणि पुढच्या चाकावर कुठल्या? मागचं चाक साखळीनं फिरवलं जातं, त्याचा खालचा भाग रस्त्यावरून मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण पुढे. पुढच्या चाकाला कुणी फिरवत नाही, सायकल त्याला नुसती पुढे ढकलते. ते रस्त्यावरून पुढे घसरू पाहतं, म्हणून घर्षण मागे, आणि त्यामुळेच ते फिरायला लागतं.